रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) रस आणि मेंब्रेन फिल्टर : दोन हंगामांनंतर

कुडाळजवळच्या आमच्या युनिटात पूर्वी रस पंचातून गाळायचो. बाटलीत आठवडाभरात तळाशी गाळ बसायचा. बेन्टोनाइट ही गाळ खाली बसवणारी माती घालून बघितली. रस नितळ झाला, पण माती रंगही धरून ठेवते, त्यामुळे लाल रस फिका गुलाबी झाला. म्हणून अल्ट्राफिल्ट्रेशन घेतलं, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून (मेंब्रेनमधून) गाळणारं मशीन. आमचं पोकळ तंतूंचं, साधारण 1 लाख डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू अडवणारं.

रंगाच्या बाबतीत तक्रार नाही. कोकमातल्या अँथोसायनिन या लाल रंगद्रव्याचे रेणू जेमतेम साडेचारशे ते सहाशे डाल्टनचे, ते सहज पार होतात. रस गढूळ-चिकट करणाऱ्या पेक्टिनचे लांबलचक रेणू मात्र मागे राहतात. पहिल्यांदा ग्लास उन्हात धरला तेव्हा पलीकडची पोफळ दिसली. एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, "पाणी घातलंत काय ओ?" सोलकढीसाठी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) मी अजून जुन्याच पद्धतीने काढते, तिथे नितळपणा कोणाला हवाय!

खरं काम धुण्याचं. सुरुवातीला तासाला 60 लिटर निघतात, चौथ्या तासाला 25. धार मंदावली की हात आपोआप प्रेशर वाढवायला जातो. तसं करू नका, पेक्टिनचा थर आणखी घट्ट दाबला जातो. दुसरं म्हणजे, रस सारखा फिरत राहिला की पंपानेच तापतो आणि उष्णतेने रंग मरतो. मे महिन्यात आम्ही पहाटे चारला मशीन लावतो, टाकीभोवती बर्फ.

मशीन धुताना आधी पाण्याने नीट खंगाळल्याशिवाय कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडू नका. लाल रस क्षणात निळा-हिरवा होतो, बघायला मजा वाटते, पण कॉस्टिक रसातच वाया जातं. एकदा नळीच्या कोपऱ्यात ते थोडं राहिलं आणि सकाळचा पहिला रस जांभळट आला. तेव्हापासून शेवटच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवल्याशिवाय पुढे जात नाही.

विक्रेत्याने मिठाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. खारवलेला रस चालवला आणि स्टीलच्या जोडांवर टाचणीएवढे खड्डे पडले. आता मीठ घालतो ते रस गाळून झाल्यानंतरच.

मागे उरलेला दाट रस टाकायचा नाही, अमृत कोकमात तो छान मुरतो.

पावसाळ्यात तंतू सुकले तर मेंब्रेन गेलंच समजा, म्हणून ते मेटाबायसल्फाइट या जंतू रोखणाऱ्या रसायनाच्या पाण्यात बुडवून ठेवतो. पण हे सल्फाइट रंग उडवतं. यंदा घाईत नीट धुतलं नाही, तर पहिले दहा लिटर लिंबाच्या सरबतासारखे आले.