डोक्याचा एमआरआय केला, त्याचा अनुभव (तावीज घरी काढून जा)

सेंटरचं नाव टाकत नाही. माझं भांडण मशीनशी नाही, काउंटरवरच्या पोराशी आहे, अन् त्याची नोकरी मले घालवायची नाही.

आम्ही नेर तालुक्यातले, कापूस-तुरीवाले. लहान भाऊ एकोणीस वर्षांचा. अमरावतीला पोलीस भरतीची तयारी करत होता, श्रावणात अचानक गाठोडं घेऊन घरी आला. म्हणे, अभ्यासिकेतले सगळे माझ्याबद्दलच बोलतात. कधी पंख्याच्या आवाजात आपलं नाव ऐकू येतं म्हणायचा, अन् लगेच स्वतःच म्हणायचा, "दादा, भास असंल ना?" मायनं बाहेरचं झालं म्हणून तावीज बांधला. बाबा म्हणे भरतीले भेला. एका रात्री अडीच वाजता तो अंगणात नुसता उभा होता, तेव्हा मी १४४४६ का १४४१६ करत चाचपडत फोन लावला. बरोबर नंबर १४४१६. टेली-मानस, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यांनीच सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत जायला सांगितलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तासभर नुसतं विचारलं. झोप किती, खर्रा किती, गांजा ओढला का. गांजावर तो गप्प झाला, मग म्हणाला, रूमवरच्यांसोबत, चार महिने. घरात कोणालाच माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, याला सायकोसिस, म्हणजे भासच खरे वाटायला लागतात तो आजार, झाला असं मी म्हणत नाही, पण धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. असे शंभर पोरं धरले तर दोन-तीन वर्षांत वीस-पंचवीस जणांना पुढचा आजार होतो, बाकीच्यांना होत नाही. गांजा मात्र आजपासून बंद. एमआरआय लिहून दिला तो कशासाठी, तर गाठ, सूज, मेंदूतले जंत, असलं काही नाही ना एवढं पाहायला. सरकारीत नंबर लांबचा होता म्हणून खाजगीत गेलो.

आता सेंटर. पहिल्या एसटीनं साडेनऊला पोचलो. काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी वाचली अन् भरल्या बाकड्यांसमोर विचारलं, "मेंटल पेशंट का?" भाऊ तिथूनच माघारी फिरला. त्याला गेटवरून परत आणण्यात पाऊण तास गेला. वरून त्या पोराचं पॅकेज : साधा एमआरआय साडेचार हजार, पण सात हजारांत "स्पेशल", त्यात पुढं वेड लागणार का तेही कळते म्हणे, इंजेक्शन देऊन. चिठ्ठीवर इंजेक्शन लिहिलेलं नव्हतं. मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, साधाच करा, बाकीचे पैसे घरी न्या.

आत मात्र वेगळं जग. मशीन चालवणाऱ्या ताई पंचविशीतल्या असतील. करदोटा, चेन, बेल्ट, सगळं काढायला लावलं. तावीजावर आला अन् भाऊ अडला. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आत लोहचुंबक आहे, तावीजात लोखंड असलं तर ओढल्या जाईल, दादाच्या मुठीत दे, तो काचेपलीकडं बसतो. मग त्यानं विचारलं, "हे मशीन मनातलं वाचते का?" ताई म्हणाल्या, "नाही रे. हाडामागचा मेंदू कसा दिसतो तेवढा फोटो. तू काय विचार करतो ते मलेही नाई दिसत अन् मशीनलेही नाई." कानात बोळे, हातात दाबायचा रबरी फुगा. प्रत्येक आवाजाच्या आधी माइकवर सांगायच्या, आता चार मिनिटं ठकठक, आता बोअर मारल्यासारखा आवाज. ज्या पोराला आवाजांचीच धास्ती, त्याच्यासाठी याच्यापेक्षा मोठी सोय कोणती? वीस-पंचवीस मिनिटं हलला नाही. बाहेर आल्यावर दोन प्लेट आलुबोंडा-रस्सा खाल्ला, महिन्यानंतर पहिल्यांदा.

संध्याकाळी रिपोर्ट आला : नॉर्मल. अन् खरी भानगड इथून पुढं. बाबांनी तो शब्द धरला. "पाहा, डोकं चांगलं हाये. म्हंजे पोट्टं नाटकं करू रायलं." आठ दिवस घरात तेच. भाऊ पुन्हा खोलीत.

शेवटी बाबांनाच बाईंपुढं नेऊन बसवलं. त्यांनी विचारलं, काका, पीकविमा मिळाला का? बाबा पेटलेच, कारण महसूल मंडळाची, म्हणजे आजूबाजूच्या गावांची मिळून, पिकाची सरासरी बरी आली अन् आमचं वावर बुडूनही रुपया नाही. बाई म्हणाल्या, हेच. २०२१ साली ३१ ठिकाणचे स्कॅन एकत्र करून पाहिले, धोक्यातले १७९२ अन् धडधाकट १३७७. धोक्यातल्यांच्या मेंदूची वरची साल सरासरीनं किंचित पातळ निघाली. पण तो फरक इतका बारीक की एकट्या माणसाचा फोटो पाहून तो कोणत्या गटातला ते सांगता येत नाही. मंडळाच्या आकड्यावरून तुमच्या वावराचं काय झालं ते कळते का? नाही. मग या "नॉर्मल"वरून पोरगा नाटकं करतो हे कसं कळलं? गाठ नाही, एवढंच त्या कागदाचं म्हणणं.

बाबा काही बोलले नाहीत. येताना एसटीत मात्र भावाला खिडकीची जागा दिली.

मार्क द्यायचे तर ताईंना पाचपैकी पाच, मशीनलाही पाच, काउंटरला एक, तोही पावती दिली म्हणून. कोणी जाणार असेल तर डॉक्टरची चिठ्ठी घट्ट धरा, त्यात नसलेल्या कशालाच हो म्हणू नका. फिल्मची घडी घालू नका. सध्या गोळी नाही, दर पंधरा दिवसांनी बोलायला जातो, झोपेची वही लिहितो. पंख्याच्या आवाजात नाव अजून कधीमधी ऐकू येतं म्हणतो.

सेंटरनं सोबत सीडीही दिली होती. बाईंनी सगळं फिल्मवरच पाहिलं, गावात ती लावायला कोणाकडं काही नाही. भावानं ती ज्वारीत टांगली, पाखरं हाकलायला.