‘जळालेल्या कॅटमध्ये काही उरत नाही’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

गॅरेजमध्ये गाड्यांखालून काढलेले जुने कॅटलिटिक कन्व्हर्टर (गाडीचा धूर साफ करणारे डबे, ज्यांना धंद्यात ‘कॅट’ म्हणतात) साठले असतील आणि ते भंगारात विकायचा विचार असेल, तर व्यवहाराआधी हे वाचा. आमचा अख्खा लॉट एका व्यापाऱ्याने डोळ्यांदेखत, गोड बोलून, मातीमोल भावात नेला. भाव ठरला, पैसे मिळाले, माल गेला, त्यामुळे वरकरणी सगळं रीतसर दिसतं. पण भाव पाडण्यासाठी त्याने जे जे सांगितलं त्यातलं बहुतेक खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हे मी नुसत्या संशयावरून म्हणत नाही. नंतर त्याच मॉडेलच्या गाडीतून, तोच नंबर कोरलेला आणखी एक कॅट निघाला. तो आम्ही रीतसर दळून प्रयोगशाळेत तपासून घेतला. त्या अहवालामुळे सगळा प्रकार उघडा पडला.

आधी या डब्यात असतं काय ते बघू, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. बाहेरून स्टेनलेस स्टीलचं कवच. आत बहुतेकदा मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, एका चौरस इंचात साधारण ४०० किंवा ६०० उभी भोकं. त्या भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा पातळ थर असतो आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे तीन मौल्यवान धातू अतिसूक्ष्म कणांच्या रूपात पसरलेले असतात. सगळे मिळून काही ग्रॅमच. नुसत्या डोळ्यांना यातलं काहीही दिसत नाही. सोनं निदान चमकतं. इथे हातात येते ती राखाडी रंगाची ठिसूळ वीट. म्हणूनच ‘यात किती आहे’ हे जो सांगतो, त्याच्या हातात सगळा भाव जातो.

या माणसाने फोनवर भाव सांगितला तो ऐकून कोणीही हुरळून जावं. ‘नगामागे इतक्यापर्यंत देतो’ असं त्याचं बोलणं. तो ‘पर्यंत’ शब्द नीट ऐका. तो आकडा सगळ्यात महागड्या कॅटचा असतो आणि तुमच्याकडे तो एकही नसण्याची शक्यता जास्त. फोनवरच्या भावाचा उपयोग एवढाच, की तुम्ही दुसऱ्या कोणाला विचारायला जात नाही.

आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते टॉर्च घेऊन प्रत्येक कॅटच्या तोंडात बघण्याचं. आत काळं दिसलं की मान हलवायची. ‘शेठ, हा जळालाय. ऑइल खाणारी गाडी होती ना? जळालेल्या कॅटमध्ये काही उरत नाही, धातू उडून जातो धुरातून.’ एक कॅट तर आतून अर्धवट वितळलेला होता. तो त्याने सरळ बाजूला ठेवला आणि कवचाच्या लोखंडाचा भाव सांगितला.

हे साफ खोटं आहे. कॅट खराब होतो म्हणजे त्याचं काम करणं थांबतं. त्यातला धातू नाहीसा होत नाही. जास्त तापला की धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यांचा उघडा पृष्ठभाग कमी होतो आणि धूर नीट साफ होईनासा होतो. इंजिन ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त, किंवा इंधनातलं गंधक वर बसलं तरी परिणाम तोच. धातूचं वजन मात्र जवळपास तेवढंच राहतं. वितळलेल्या जाळीचंही तेच. सिरॅमिक साधारण १,४५० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळायला लागतं. पॅलेडियमचा वितळबिंदू १,५५५ अंश, प्लॅटिनमचा १,७६८ आणि ऱ्होडियमचा १,९६४. म्हणजे जाळी वितळायला लागते तेव्हा धातूंपैकी एकही वितळण्याच्या पातळीला पोहोचलेला नसतो. उडून जाणं तर लांबच. धातू खरोखर कमी होतो तो जाळी फुटून तिचे तुकडे सायलेन्सरमधून बाहेर पडले असतील तर, आणि ते वजनात दिसतं. हलवून पाहिलं की आत खुळखुळतंही. काळेपणा बघून भाव पाडणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा लबाड. धंद्यात वर्षानुवर्षं असलेला माणूस अडाणी नसतो.

मग त्याने गन काढली. एक्सआरएफ म्हणतात तिला; हातात धरायचं यंत्र, एक्स-रे सोडतं आणि कुठला धातू किती याचे आकडे पडद्यावर दाखवतं. यंत्र खरं आहे, चांगलं आहे, आणि आकडे दिसले की समोरचा गप्प बसतो. पण ते वाचतं ते समोरच्या नखाएवढ्या जागेचा वरवरचा थर. काजळी बसली असेल तर आकडा बदलतो. शिवाय अनेक कॅटमध्ये धातूचा थर मुद्दामच सगळीकडे सारखा नसतो. धूर ज्या बाजूने आत येतो तिथे जास्त, मागे कमी, असं असू शकतं. कित्येकदा एकाच कवचात दोन विटा असतात आणि दोन्हींतलं प्रमाण वेगळं असतं. आमच्या समोर त्याने बहुतेक वेळा गन मागच्या तोंडाला लावली. तेव्हा ते आम्हाला वेगळं वाटलं नाही, पण आकडे सगळे कमीच आले. कामाचा आकडा हवा असेल तर जाळी पूर्ण काढून, बारीक दळून, चाळून, एकजीव करून, त्या पावडरीचा नमुना तपासावा लागतो. उघड्या तोंडाला गन लावून झालेला सौदा हा अंदाजावरचाच सौदा.

आता ताडपत्रीचं सांगतो. ‘खात्री करून घेतो’ म्हणत त्याने काही कॅट ताडपत्रीवर ठेवून कवच कापलं आणि लोखंडी सळईने जाळी ठोकून बाहेर काढली. मोठे तुकडे गोणीत गेले, काट्यावर चढले. ताडपत्रीवर बारीक राखाडी पूड उरली, जवळजवळ पिठासारखी. ती झाडायला आमचा मुलगा पुढे झाला, तर याने त्याला हाताने थांबवलं, चारही कोपरे धरून ताडपत्रीची मोट बांधली आणि ‘तुमच्याकडे कचरा कशाला ठेवू’ म्हणत टेम्पोत टाकली. तिचं वजन झालंच नाही. जाळी ठोकताना सुटणारी पूड बऱ्याच अंशी भिंतींवरच्या थराचीच असते, आणि धातू असतो तो त्याच थरात. म्हणजे लॉटमधला चांगला माल वजनाशिवाय गेला. याच्याशी जोडून एक गोष्ट तब्येतीची: जाळीभोवती गुंडाळलेल्या तंतूंच्या चटईचा आणि या पुडीचा धुरळा फुप्फुसांना वाईट. चांगला मास्क न लावता कोणालाही तुमच्या जागेत कॅट फोडू देऊ नका.

राहिलेल्या न फोडलेल्या कॅटचं वजन त्याने कवचासकट केलं आणि ‘यातली इतके टक्के जाळी’ असं मोघम धरलं. कवचाची जाडी, पाइपचे तुकडे, उष्णतारोधक पत्रे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे त्या टक्क्यांना काही अर्थ नाही. पण सगळ्यात मोठा डाव होता सरसकट भावाचा. आमच्या लॉटमध्ये पेट्रोल गाड्यांचे कंपनीचे मूळ कॅट होते, डिझेलचे होते, बाजारातून नंतर बसवलेले होते, काही धातूच्या पत्र्याच्या जाळीचेही होते. हे चार वेगळे माल आहेत. डिझेलच्या कॅटमध्ये साधारणपणे प्लॅटिनम आणि पॅलेडियम असतं, ऱ्होडियम नसतं. नंतर बसवलेल्या स्वस्त कॅटमध्ये धातू मूळ मालाच्या मानाने बराच कमी असतो. याने स्वस्तातले नग दाखवून दाखवून सगळ्याचा एक भाव पाडून घेतला. दोन मूळ कॅटवरचे कोरलेले नंबर गंजाने पुसट झाले होते, ते ‘लोकल’ ठरवले. आणि माल चढवताना त्याच्याबरोबरचा पोरगा न सांगता मूळ पेट्रोलचे नग, ते दोन ‘लोकल’सुद्धा, वेगळ्या गोणीत भरून पुढे ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवत होता. कुठला नग काय आहे हे त्या पोरालाही माहीत होतं.

अहवाल आल्यावर मी त्याला फोन केला. उत्तर तयार होतं, ‘साहेब, मार्केट पडलं त्या आठवड्यात.’ मार्केट पडतं हे खरं. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियम एका औंसाला तीस हजार डॉलरच्या आसपास गेलं होतं आणि २०२३ च्या उत्तरार्धात पाच हजारांच्या आत होतं. पॅलेडियम मार्च २०२२ मध्ये तीन हजारांच्या वर, आणि पुढच्या वर्षाच्या शेवटी त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण अहवालात मी त्याला दाखवत होतो ते ग्रॅम. भाव पडला तर ग्रॅमचे पैसे कमी होतात, ग्रॅम कमी होत नाहीत. यावर तो काही बोलला नाही. नंतर फोन उचललाच नाही.

हिशोब खरं तर अवघड नाही, तो कोणी समोर मांडत नाही एवढंच. पीपीएम म्हणजे एका किलोत तितके मिलिग्रॅम. समजा जाळी १ किलो भरली आणि अहवालात पॅलेडियम १,५०० पीपीएम आलं, तर त्यात दीड ग्रॅम पॅलेडियम आहे. जागतिक भाव ट्रॉय औंसाला असतो, आणि एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. भावाला ३१.१ ने भागा, ग्रॅमने गुणा. तिन्ही धातूंचं असं वेगवेगळं काढून बेरीज करा. ही रक्कम पूर्ण हातात येत नाही, हेही लक्षात घ्या. शुद्धीकरण करणारी कंपनी प्रत्येक धातूचा ठरावीक टक्काच परत देते, ऱ्होडियमचा सहसा कमी, शिवाय वितळवण्याचा आणि तपासणीचा खर्च कापते, आणि पैसे यायला वेळ लागतो. चार-दोन नगांसाठी ते परवडत नाही, म्हणून मधला व्यापारी लागतो. त्याचा नफा मला मान्य आहे, जोखीम तो घेतो. कुठल्या तारखेचा भाव धरला, किती टक्के परतावा, काय काय कापलं, हे तोंडावर सांगून जो नफा घेतो त्याच्याशी माझं भांडण नाही.

आता आम्ही कॅट निघाला की लगेच गाडीचं मॉडेल, इंधन आणि कवचावरचा नंबर लिहून ठेवतो, नंबर घासून साफ करून फोटो काढतो, तारेच्या ब्रशने गंज निघतो. गाडीच्या कागदाची प्रतही त्याच फाइलला लावतो, कारण भाव वाढले तेव्हा गाड्यांखालून कॅट कापून नेण्याचे प्रकार जगभर वाढले होते आणि माल कुठून आला हे कधीही विचारलं जाऊ शकतं. जो व्यापारी हे कागद मागतच नाही त्याच्यापासून तर चार हात लांबच राहा. त्याच्याकडे चोरीचा मालही येत असणार आणि उद्या चौकशीत तुमचं नाव निघेल. पेट्रोल, डिझेल, बाजारातले आणि पत्र्याच्या जाळीचे असे ढीग वेगळे. भाव प्रत्येक ढिगाचा वेगळा. वजन आमच्या काट्यावर. फोडायचे तर पूड झाडून, तिचंही वजन करून.

मोठा लॉट असेल तर पावडर एकजीव झाल्यावर नमुन्याचे तीन भाग करायला लावा आणि तिन्ही दोघांच्या सह्यांनी सील करा. एक त्याचा, एक तुमचा, तिसरा वाद झाला तर तिसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायला. मोठ्या शुद्धीकरण कंपन्यांशी होणाऱ्या व्यवहारात ही नेहमीची पद्धत आहे, त्यामुळे मागायला संकोच करू नका. आमच्याकडे हल्लीच एक जण आला होता. तिसऱ्या सीलबंद नमुन्याचं नाव काढल्यावर त्याने गन परत पेटीत ठेवली आणि चहाही न घेता निघून गेला. त्याच्यानंतर आलेल्याने मात्र काही न बोलता पिशव्या काढल्या आणि पेन मागितलं. माल आम्ही त्याला दिला.