डीव्हीडी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवर विंडोज किंवा लिनक्स टाकायचं कशाने?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून ओळखीतल्या कुणाना कुणाच्या लॅपटॉपवर नवीन सिस्टिम टाकायची असतेच. डीव्हीडी ड्राइव्ह त्यात क्वचितच असतो. मग प्रश्न येतो, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह विकत घ्यावा की पेनड्राइव्हवर भागेल?

ड्राइव्हसाठी पैसे घालू नका, असंच मी सांगेन. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. लिनक्स मिंट त्यात बसतं, पण विंडोज ११ किंवा उबंटू २४.०४ (हेही लिनक्सच) यांची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी इन्स्टॉलेशन डिस्क एकाच फाइलमध्ये, बसत नाही. त्यासाठी ८.५ जीबीची डबल लेयर डिस्क शोधत फिरावं लागतं. पेनड्राइव्हवरून सुरूच न होणारा फार जुना संगणक असेल, किंवा जुन्या डिस्कांवरचे फोटोही काढून घ्यायचे असतील, तरच ड्राइव्ह घ्यावा.

पेनड्राइव्हवर आयएसओ फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, तो बूटेबल, म्हणजे संगणक त्यावरून सुरू होईल असा, करावा लागतो. त्यासाठी रुफस आणि व्हेंटॉय ही दोन मोफत साधनं मी वापरतो. दोन्ही पहिल्यांदा पेनड्राइव्ह पूर्ण पुसतात, तेव्हा आतलं सगळं आधी दुसरीकडे ठेवा.

रुफस फक्त विंडोजवर चालतं आणि एका पेनड्राइव्हवर एकच सिस्टिम टाकतं. एकच लॅपटॉप करायचा असेल तर हेच सोपं, १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. फॅट३२ या पेनड्राइव्हच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही आणि विंडोज ११च्या आयएसओत तशी फाइल असते. रुफस ही अडचण स्वतःच सोडवतं.

व्हेंटॉय लिनक्सवरही चालतं. एकदा बसवलं की हव्या तितक्या आयएसओ फाइल्स कॉपी करा, सुरू होताना यादीतून निवडा. उरलेल्या जागेत नेहमीच्या फाइल्सही ठेवता येतात. मात्र सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सुरक्षा) चालू असलेल्या यंत्रावर पहिल्यांदा निळा पडदा येतो आणि व्हेंटॉयची डिजिटल किल्ली (की) नोंदवावी लागते. नवखी माणसं तिथेच घाबरून थांबतात.

भाचीच्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना आतली डिस्कच दिसेना. अख्खी संध्याकाळ मी पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा बनवत राहिलो, पण दोष त्याचा नव्हताच. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची डिस्क सांभाळणारी सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या इन्स्टॉलरजवळ नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून हा ड्रायव्हर 'रॅपिड स्टोरेज' या नावाने मिळतो, तो घ्यायचा, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवायचा. डीव्हीडी ड्राइव्ह घेतला असता, तरी इथे पेनड्राइव्ह लागलाच असता.

शाळेच्या लॅबमधली २५-३० यंत्रं एकदम करायची असतील तर नेटवर्कवरून, म्हणजे पीएक्सईने करा. केबल, डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कवरचा पत्ता देणारी सोय) आणि एक सर्व्हर मांडायला वेळ जातो, घरच्या एका लॅपटॉपसाठी तो खटाटोप नको.

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात ६४ जीबीचा व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह असतो. तो लावून यंत्र सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ दाबलं की बूट मेनू, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं याची यादी, येतो. एसरवर एफ१२ चाललं नाही, तर ते आधी बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करावं लागतं.