ठिबकच्या अनुदानाच्या नावाखाली माझे ३२,६५० रुपये गेले

नाव-गाव लिहीत नाही, भावकीत आधीच नको तेवढी चर्चा झाली आहे. पण आमच्या माणदेशात ठिबकचा अर्ज केलेले पुष्कळ आहेत. त्यांना असा फोन आला तर निदान हे आठवावं.

साडेचार एकर डाळिंबाची नवी लागण करायची होती. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर, ठिबकचा अर्ज केला, पोर्टलची फी २३ रुपये ६० पैसे भरली. पुढे फोन आला, "कृषी कार्यालयातून बोलतोय, तुमची निवड झाली." त्याने माझा अर्ज क्रमांक सांगितला, गट नंबर सांगितला, आठ-अ वरचं क्षेत्र सांगितलं. अनुदानाचा हिशेबही तोंडपाठ: अल्पभूधारकाला ५५ टक्के केंद्राच्या योजनेतून, वरचे २५ राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून, एकूण ८०. इतकं नीट तर आम्हाला कार्यालयातही कधी कुणी समजावलं नव्हतं. अशा माणसावर कोण संशय घेईल?

आधी फाईल चार्ज म्हणून २,३५० घेतले. मग व्हॉट्सॲपवर पूर्वसंमतीचं पत्र आलं, गोल शिक्का, सही, सगळं होतं. त्यानंतर "तुमचा २० टक्के शेतकरी हिस्सा" म्हणून १८,५०० मागितले. मी भोळा आहे असं कुणी समजू नये. शेजारच्याने सौर पंपाला १० टक्के हिस्सा आधीच भरला होता आणि त्याला पंप मिळाला. त्यामुळे हिस्सा आगाऊ भरायचा असतो हेच डोक्यात बसलेलं. ठिबकचं तसं नाही. पूर्वसंमतीनंतर आपण आपल्या पसंतीच्या डीलरकडून संच घ्यायचा, बसवायचा, बिल अपलोड करायचं, मोका तपासणी होते, म्हणजे शेतावर येऊन संच बघतात, आणि मग अनुदान आधार जोडलेल्या खात्यात येतं. आपला हिस्सा डीलरच्या बिलात जातो, सरकारी माणसाच्या हातात नाही.

आणि ते १८,५०० पाठवताना स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. खात्याचं नाही, शासनाचं नाही, साधं बाईचं नाव. तिथे बोट थांबायला हवं होतं. थांबलंही. मी विचारलं, तर म्हणाला, "आमच्या क्लार्क मॅडमचं खातं आहे, चलन उद्या काढतो. आज भरलं नाही तर नंबर पुढच्याला जाईल." रोपं बुक केलेली, पाऊस तोंडावर आलेला, मी पिन टाकला. त्या एका मिनिटात पोर्टलवर लॉगिन करून अर्जाची स्थिती बघितली असती तर अर्जाला अजून पूर्वसंमतीच नाही हे तिथेच दिसलं असतं. तेवढंच करायचं होतं. या एका गोष्टीने अजून झोप लागत नाही.

मग जीएसटीचे ११,८००. "अनुदानासोबत परत मिळतील." जीएसटी डीलरच्या बिलात लागून येतो, तो वेगळा मागणारा माणूस चोर आहे. चौथ्यांदा विम्याचे ६,४०० मागितले तेव्हा मी कार्यालयात चौकशी केली आणि सगळं उघड झालं.

तिथे उत्तर मिळालं, "आम्ही पैसे मागतच नाही, तुम्ही आधी विचारायचं." अर्जाची माहिती बाहेर कशी गेली, यावर मात्र सगळे गप्प. पोलीस ठाण्यात म्हणाले जिल्ह्याला सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्याने नोंदवून घ्यायची. हे मला पुतण्याने शोधून दिलं, ठाण्यातल्या कुणी नाही. शेतकऱ्याचे बत्तीस हजार लहान कुणासाठी?

पैसे गेले की त्याच क्षणी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, ठाण्याची वाट धरू नका. मी उशिरा केला, तोवर त्या खात्यातून पैसे पुढे गेले होते. कुणी एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप टाकणारी फाईल) पाठवली तर उघडू नका. ओटीपी तर नाहीच.

माझा अर्ज कुणाच्या लॉगिनमधून उघडला गेला, याची माहिती मी माहिती अधिकारात मागितली आहे आणि पोच जपून ठेवली आहे. अर्ज क्रमांक सांगणारा असा फोन ज्यांना आला असेल त्यांनी नंबर, तारीख आणि स्क्रीनशॉट पुसू नका. प्रत्येकाने माहिती अधिकाराचा आपापला अर्ज टाका. एकट्याचा अर्ज फाईलखाली जातो, शंभर अर्ज एकदम आले तर उत्तर द्यावंच लागेल.