फ्रीकोडकँप की ओडिन प्रोजेक्ट: वेब प्रोग्रामिंग कुठून शिकायला घ्यावं?

या दोन्ही साइट फुकट आहेत, दोन्ही एचटीएमएल-सीएसएसपासून (पानाचा सांगाडा आणि रूप) जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरपर्यंत नेतात. फरक आहे तो तुम्ही लिहिलेला कोड कुठे चालतो यात, आणि निवड करताना तोच आधी पाहावा.

फ्रीकोडकँपवर (सुरुवात 2014) तो त्यांच्याच पानावरच्या एडिटरमध्ये चालतो. सूचना वाचायची, एखाददुसरी ओळ लिहायची, तपासणी चालवायची, बरोबर आलं की पुढची पायरी. काहीच इन्स्टॉल करायचं नसल्यामुळे कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवरही शिकता येतं. टॅग (एचटीएमएलच्या खुणा) आणि सिलेक्टर (सीएसएस कशाला लावायचं ते सांगणारे) हाताला बसवायला ही जागा उत्तम. पण फाइल आयती, फोल्डर आयतं. शंभर पायऱ्या हिरव्या झालेल्या माणसालाही रिकाम्या फोल्डरात सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. म्हणून प्रमाणपत्रासाठीचे प्रोजेक्ट तरी आपल्या मशीनवर, कोऱ्या फाइलपासून करा.

ओडिन प्रोजेक्ट (2013) पहिल्याच भागात टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हातात देतो. पुढे जावास्क्रिप्ट किंवा रुबी ऑन रेल्स (रुबी भाषेत साइट बांधायची चौकट) अशा दोन वाटा आहेत. ओडिनमधला एच-अ-स्केच हा सरावाचा प्रोजेक्ट घ्या: 16 गुणिले 16 चौकटींची जाळी जावास्क्रिप्टने उभी करायची. टप्प्याटप्प्याने हात धरून कुणी नेत नाही. शोधायचं, चुकायचं, पुन्हा करायचं. नोकरीतलं रोजचं काम असंच असतं, म्हणून माझं झुकतं माप ओडिनला.

त्याची किंमत सुरुवातीलाच मोजावी लागते. नुसत्या विंडोजवर हा अभ्यासक्रम चालत नाही, लिनक्स लागतं. 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक) रडतखडत चालतं, तिथे डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) किंवा ड्युअल बूट (सुरू करताना विंडोज की लिनक्स ते निवडणं) बरं. व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते पाहा. डब्ल्यूएसएलमध्ये प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलात तर गिट आणि एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणारं साधन) कमालीचे मंदावतात.

आपल्या मशीनवर काम सुरू केलं की अडणाऱ्या जागाही ठरलेल्या आहेत. नोटपॅड फाइलला डॉट टीएक्सटी चिकटवतो आणि विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, मग ब्राउझरमध्ये पानाऐवजी नुसता कोड दिसतो. मेटा चारसेट यूटीएफ-8 (पानातली अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला सांगणारी ओळ) लिहायचं राहिलं तर मराठी मजकुराच्या जागी भलत्याच युरोपीय अक्षरांची रांग दिसू शकते. जावास्क्रिप्ट मॉड्यूल (वेगळ्या फाइलमधून आणलेला कोड) असलेली फाइल डबल-क्लिकने उघडली तर ब्राउझर मॉड्यूल अडवतो. त्यासाठी व्हीएस कोड या एडिटरमधलं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन लावा, म्हणजे पान सर्व्हरवरून उघडतं. विंडोजवर दिसणारा फोटो गिटहब पेजेसवर (गिटहबवर साइट ठेवायची सोय) गायब झाला तर नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा, तिथे ती वेगवेगळी धरली जातात. आणि पुश करताना, म्हणजे कोड गिटहबवर चढवताना, गिटहबचा पासवर्ड चालत नाही. 13 ऑगस्ट 2021 पासून पासवर्डऐवजी ओळख पटवणारं टोकन किंवा एसएसएच की लागते.

डब्ल्यूथ्रीस्कूल्स एखादा टॅग पटकन आठवायला ठीक. वेब मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीशी त्याचा संबंध नाही, नाव मात्र फसवं आहे.

एमडीएन (वेब तंत्रांचा ऑनलाइन संदर्भ) फ्रीकोडकँप किंवा ओडिनसोबत पहिल्या दिवसापासून उघडं ठेवा. तो क्रमाने वाचत बसू नका, अडलं की तिथलं पान उघडा आणि तळाचा ब्राउझर-सुसंगतीचा तक्ता न चुकता पाहा. मराठी साइट करणाऱ्याला तर एमडीएनची जास्तच गरज. ‘नमस्ते’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट 6 सांगते, कारण हलन्त आणि मात्रा ती वेगळ्या मोजते. त्यावर उपाय असलेल्या इंटल डॉट सेगमेंटरची (मजकूर दिसणाऱ्या अक्षरांनुसार तोडणारी जावास्क्रिप्टची सोय) माहिती एमडीएनवर उदाहरणासह आहे.

लॅपटॉप उसना किंवा लॅबचा असेल, रोज अर्धा-पाऊण तासच मिळत असेल, तर फ्रीकोडकँप घ्या. स्वतःचं मशीन आहे आणि पहिला आठवडा फक्त मांडामांडीत गेला तरी चालणार असेल, तर थेट ओडिन. दोन्ही एकदम मात्र नको: तेच फ्लेक्सबॉक्स (सीएसएसमधली मांडणीची पद्धत) दोनदा शिकण्यात महिना जातो आणि प्रोजेक्ट एकही पुरा होत नाही.