बाळ दूध नको म्हणतंय: आधी दूध पाजावं की आधी भरवावं?

उष्टावण होऊन दोन-तीन महिने झाले की बऱ्याच घरांत ही तक्रार सुरू होते. गुरगुट्या भात मिटक्या मारत खातं, पण दूध पुढे केलं की तोंड फिरवतं. आजी म्हणते, दुधाशिवाय बाळसं कसं धरेल? शेजारीण सांगते, आमच्याकडच्याने तर नवव्या महिन्यातच सोडलं, काही बिघडलं नाही. माझ्या दोन्ही मुलींनी हा प्रकार केला, थोरलीने आठव्या महिन्यात आणि धाकटीने अकराव्या. थोरलीला दुधाकडे परत वळवावं लागलं, धाकटीच्या मागे लागणं सोडून द्यावं लागलं. तुम्ही आत्ता या पेचात असाल तर दोन्ही बाजू मांडून ठेवते.

सगळ्यात आधी एक बघा. बाळाला दूध नकोय, की पिता येत नाहीये? सर्दीने नाक चोंदलं असेल तर चोखताना श्वास घेता येत नाही. दात येताना हिरड्या ठणकतात. कान दुखत असेल तर चोखणं-गिळणं नको होतं. चमच्याने खाताना चोखावं लागत नाही, म्हणून जेवण चालू आणि दूध बंद असं चित्र दिसतं. थोरलीचं कारण तर वेगळंच निघालं. नव्या दातांनी ती कडकडून चावली आणि मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकून रडायलाच लागली. पुढचे दोन दिवस छातीला तोंड लावेना. तिसऱ्या रात्री दिवा न लावता, ती अर्धवट झोपेत असताना जवळ घेतली, तर मुकाट्याने प्यायली. वर्षाच्या आतलं बाळ अंगावरचं असं अचानक सोडतं, तेव्हा बहुतेकदा ते रुसलेलं असतं. तेवढे दिवस दूध हाताने किंवा पंपाने काढून वाटी-चमच्याने द्यायचं. न काढता बसलं तर छाती दाटते आणि दूध कमी होत जातं.

आधी दूध की आधी घास?

खरा निर्णय हाच, आणि तो वयावर ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० किलोकॅलरी लागतात ६ ते ८ महिन्यांत, ३०० लागतात ९ ते ११ महिन्यांत आणि वर्षानंतर ५५०. सातव्या महिन्यात बाळाची एकूण गरज ६०० च्या आसपास असते. म्हणजे तेव्हा दोन-तृतीयांश पोट दुधानेच भरायचं असतं. त्या वयात वरणावरचं पाणी आणि पातळ पेज पाजून पोट गच्च केलं तर बाळ दूध नाकारणारच. वर तोटाही होतो, कारण १०० मिली आईच्या दुधात ६५-७० किलोकॅलरी असतात आणि पातळ पेज त्याच्या जवळपासही जात नाही.

म्हणून आठव्या महिन्यापर्यंत माझं मत आधी दूध. पण दूध पाजून लगेच भरवायला बसू नका, नाहीतर घासही वाया जातो. मध्ये तासभर जाऊ द्या. भरवायचं ते चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट, वर तुपाची धार.

नववा संपला की मी बाजू बदलते. आता आधी जेवण, मग दूध. कारण लोह. आईच्या दुधात लोह थोडं असतं आणि जन्मतः मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. दहाव्या महिन्यात फक्त दूध पिऊन जेवण नाकारणारं बाळ मला जेवणारं पण दूध कमी पिणारं बाळ यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. आपल्याकडे नेमकं उलट होतं. दूध उरलं की घरभर चर्चा, डाळ-पालेभाजी उरली की कोणी विचारत नाही.

बाटली की पेला?

धाकटी पावडरच्या दुधावर होती. अकराव्या महिन्यात तिने बाटलीचं बूच चावायला सुरुवात केली, प्यायची मात्र नाही. सासूबाईंनी ट्रंकेतून चांदीचं बोंडलं काढलं. दिसायला सुरेख, पण त्याच्या चोचीतून दूध आपण ओततो, बाळ पीत नाही. तोंड मिटलेल्या बाळाच्या घशात आडवं धरून दूध ओतणं मला पटलं नाही, ठसक्याची भीती वेगळीच. शेवटी माझ्या चहाशेजारी ठेवलेला स्टीलचा छोटा पेला तिने स्वतः ओढला. निम्मं झबल्यावर गेलं, निम्मं पोटात.

बाटलीच्या बाजूने सांगण्यासारखं एकच, सांडत नाही. ती नीट उकळून घ्यावी लागते, आणि तोंडात बाटली ठेवून झोपायची सवय लागली की पुढचे दात किडतात. सहा महिन्यांनंतर बसतं बाळ पेल्याने पिऊ शकतं. दूध नाकारतंय असं वाटणारी काही बाळं खरं तर बाटलीच नाकारत असतात.

दूध बदलायचं का?

पावडर चालू असेल तर वर्षापर्यंत पहिल्या क्रमांकाचीच ठेवा. मोठ्या क्रमांकाचा डबा आणला म्हणून भूक वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेतही त्याची शिफारस नाही. त्याच मार्गदर्शिकेत ६ ते ११ महिन्यांत आईचं दूध नसेल तर पावडर किंवा जनावराचं दूध दोन्ही चालेल असं म्हटलंय. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ मात्र वर्षाआधी गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नका असंच सांगतात, आणि लोहाचा विचार केला तर मीही त्यांच्याच बाजूची. दूध नको म्हणतंय म्हणून त्यात साखर किंवा बिस्किट कालवणं तर नकोच. चव लागली की साधं दूध कायमचं सुटतं. अर्धं पाणी घालून पाजण्यातही पोट भरतं, पोषण होत नाही.

जेवणात दूध मिसळणं हा मधला मार्ग मला सगळ्यात आवडतो. नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवायचं, कोमट झालं की काढलेलं किंवा पावडरचं दूध त्यात ढवळायचं. दूध घालून उकळत बसायचं नाही. दही, थोडं पनीर हेही चालतं. कॅल्शियमची गरज वर्षाच्या आत रोज ३०० मिलिग्रॅम आणि १ ते ३ वर्षांत ५००. गाईच्या १०० मिली दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम असतं, तेव्हा वर्षानंतर दही-पनीर-नाचणी खाणाऱ्या मुलाला पेलाभर दूध कमी गेलं तरी चालतं. उलट वर्षानंतर रोज ४००-५०० मिलीच्या वर दूध नको. त्याहून जास्त प्यायलं की जेवण मागे पडतं आणि रक्त कमी होतं.

थांबायचं नाही ते इथे: सहा-आठ तास शू झाली नाही, टाळू खोल गेली, बाळ मलूल आहे, ताप किंवा उलट्या आहेत, किंवा दूध आणि जेवण दोन्ही बंद आहे. तेव्हा पर्याय तोलत न बसता डॉक्टर गाठा. बाकी वेळी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात दर महिन्याला वजन करून कार्डावरची रेघ बघा. नवव्या महिन्यानंतर वाढ मंदावते, महिन्याला पाव किलोच्या आसपास, हे माहीत नसल्यामुळे बऱ्याच आया उगाच घाबरतात.

धाकटी आता दीड वर्षाची आहे. दूध अजूनही सकाळी एकदाच, त्याच पेल्यातून, साय बोटाने बाजूला सारून. ती साय सासूबाई पोळीला लावून तिलाच भरवतात आणि माझ्याकडे बघून हसतात.