लोअरिंग स्प्रिंगसोबत बम्प स्टॉप कापले : काही महिन्यांनंतरचा अनुभव

आखूड (लोअरिंग) स्प्रिंग बसवून गाडीची उंची साधारण ३० मिमी खाली घेतली, त्याला आता बरेच महिने झाले. स्प्रिंगांबद्दल सगळेच लिहितात. मी लिहितोय ते शॉकअबच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) दांड्यावर बसणाऱ्या फोमच्या तुकड्याबद्दल, म्हणजे बम्प स्टॉपबद्दल, कारण खाली घेतलेली गाडी चालवायला बरी वाटणार की नाही, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

बम्प स्टॉप म्हणजे शेवटचा धक्का झेलणारं रबर, असा सर्रास समज आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत तो बारीक छिद्रांच्या पॉलीयुरेथेनचा असतो आणि चक्क दुसऱ्या स्प्रिंगचं काम करतो. निमुळतं टोक मऊ, पण जसजसा दबतो तसतसा तो झपाट्याने कडक होत जातो. मूळ उंचीला शॉकअब आणि स्टॉपमध्ये २५ मिमी जागा असेल आणि गाडी ३० मिमी खाली आली, तर ती उभ्या जागीच स्टॉपवर टेकते. मग नवी स्प्रिंग कितीही चांगली असो, तुम्ही फोमवर बसून फिरताय! वळणावर बाहेरचं पुढचं चाक स्टॉपवर चढलं की पुढचा भाग एकदम कडक होतो, पकड सुटते आणि गाडीचं नाक वळणाच्या बाहेर जातं. ‘स्प्रिंग फार कडक आहे हो’ ही तक्रार बरेचदा खरं तर स्टॉपची असते.

माझ्या स्प्रिंगांच्या कागदावर पुढचे स्टॉप कापा, मागचे तसेच ठेवा, असं होतं. पुढच्या स्टॉपला कड्याकड्यांच्या खाचा आहेत, त्यातलीच एक खाच धरून वरच्या, माउंटकडच्या (शॉकअब गाडीला जोडला जातो तिथल्या) जाड बाजूने कापलं. मऊ टोक त्यामुळे शाबूत राहिलं. डस्ट कव्हर वेगळं असल्याने हे जमलं. ते स्टॉपच्याच कडेला अडकत असेल तर ती कड कापून चालणार नाही. सुरी धारदार हवी, साबणाच्या पाण्यात भिजवलेली, आणि काप अगदी सरळ; तिरका स्टॉप एका बाजूला दबतो.

बसवण्याआधी मेकॅनिककडून एक गोष्ट हट्टाने करून घेतली. स्प्रिंग न घालता, कापलेला स्टॉप लावून, चाक जॅकने पूर्ण वर उचललं आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं. टायर कुठेही लागत नाही आणि शॉकअब आतून आपटत नाही, हे डोळ्यांनी पाहिलं. जास्त कापलं तर पिस्टन थेट तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि ते नुकसान बाहेरून लगेच दिसतही नाही.

दांड्यावर एक झिप टाय घट्ट सरकवून ठेवलाय. शॉकअब किती दबला हे तो सांगतो. नेहमीच्या रस्त्यावर तो स्टॉपच्या अलीकडेच थांबतो, मोठ्या खड्ड्यात स्टॉप दबतो पण पूर्ण चिरडत नाही. पुढून समाधान आहे. वळणावर गाडी आता हळूहळू कडक होते, झटक्याने नाही. मध्यंतरी कव्हर वर करून पाहिलं, कापलेल्या कडेचा चुरा झालेला नाही, शॉकअबमधून तेलही झिरपलेलं नाही.

मागची कथा वेगळी. चार माणसं आणि सामान असलं की मागचा भाग स्टॉपवर बसतो आणि प्रत्येक उंचवट्याला ठोकतो. तरी मागचे कापणार नाही, कारण टायर आणि मडगार्डमधलं अंतर तो स्टॉपच राखतोय. नेहमी भरलेली गाडी चालवणाऱ्यांनी ३० ऐवजी २० मिमीच खाली घ्यावी, असं माझं मत.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) मात्र बसवल्यावर लगेच करा. कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाक आत-बाहेर वळलेलं असणं) दोन्ही सरकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे.

मूळ शॉकअब थकले की मी आखूड बॉडीचे घेणार आहे. त्यात दबण्याची जागा मुळातच परत मिळते, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या स्टॉपला सुरी लावायची नाही.